बेचाळीस अंशांचा मासा आणि माझे दोनशे डॉलर

जानेवारीत बास हा गोड्या पाण्यातला मासा पकडायला जाणाऱ्या माणसाला गंडवणं फार सोपं आहे. मला ते दोनशे डॉलर आणि सहा शनिवार घालवून कळलं. उन्हाळ्यात चार तास काही लागलं नाही तर माणूस ल्युअर, म्हणजे गळाला लावायचा खोटा मासा, बदलतो, लाइन, म्हणजे गळाची दोरी, तपासतो, जागा बदलतो. थंडीत दिवसभर बसून हात हलवत परत आला तरी त्याला त्यात काही वावगं वाटत नाही. आपलंच चुकलं असेल म्हणतो आणि पुढच्या शनिवारी परत तेच ल्युअर बांधतो. मला फसवणाऱ्या माणसाला हे नेमकं ठाऊक होतं.

आम्ही आर्कान्सामधल्या बेंटनव्हिलला राहतो. नोकरीपायी इथे आलेली मराठी घरं बरीच आहेत, पण गरवणारी, म्हणजे गळाने मासे पकडणारी, माणसं माझ्या माहितीत दोनच: मी आणि ऑफिसातला एक नाशिककर. माझं आजोळ रत्नागिरीकडचं. गरवणं माझ्या रक्तात आहे असं मी बायकोला सांगत असतो. खरं तर मामाच्या मागे कोळंबीचा डबा धरून बसणं एवढंच माझं कर्तृत्व. इथे अर्ध्या तासावर बीव्हर लेक आहे. व्हाइट रिव्हर अडवून १९६०च्या दशकात झालेला जलाशय, काचेसारखं पाणी, काठाला चुनखडीचे कडे आणि पाण्याखाली बुडालेली झाडं. लार्जमाउथ, स्मॉलमाउथ आणि स्पॉटेड, तिन्ही जातींचे बास मिळतात. मी एक जुनी ॲल्युमिनियमची होडी घेतली आणि दोन वर्षांत बऱ्यापैकी शिकलो. म्हणजे उन्हाळ्यातलं शिकलो. हिवाळ्याचा पेपर वेगळा असतो.

पाणी पन्नास अंश फॅरनहाइटच्या खाली गेलं की बासचं अंग मंदावतं. तो खातो, पण खाण्यामागे धावत नाही. त्याचं मुख्य खाद्य शॅड नावाचा छोटा मासा. त्यातली थ्रेडफिन ही जात थंडीला फार हळवी. पाणी चाळीस-पंचेचाळिसावर आलं की हे मासे गारठून मरायला लागतात. मरताना एक झटका देतात, तसेच पाण्यात लटकून राहतात, पुन्हा एक झटका. जर्कबेट नावाचं लांबट, सडपातळ ल्युअर याचीच नक्कल करतं. रॉडचं टोक खाली ठेवून दोन झटके द्यायचे, लाइन ढिली सोडायची आणि थांबायचं. दहा सेकंद, पंधरा सेकंद, कधी त्याहून जास्त. मासा लागतो तो या थांबण्यात. म्हणून जर्कबेट पाण्यात जिथल्या तिथे लटकून राहिलं पाहिजे. वर यायला लागलं की संपलं, कारण मरणारा शॅड बुचासारखा वर उसळत नाही. रंगबिंग त्यानंतरच्या गोष्टी.

या प्रकारात जपानी बनावटीच्या ‘व्हिजन ११०’चं नाव मोठं आहे. ११० मिलिमीटर लांब, अर्धा औंस वजन, दुकानात किंमत पंचवीस डॉलरच्या आसपास. बुडालेल्या झाडांत अशी चार गेली की शंभर डॉलर पाण्यात, शब्दशः. त्यामुळे डिसेंबरात एका खरेदी-विक्रीच्या पानावर हेच ल्युअर सोळा डॉलरला दिसलं तेव्हा मी थांबलो. पाच डॉलरला असतं तर पुढे गेलो असतो, इतकी अक्कल मला होती. सोळा हा आकडा मात्र विचार करून ठेवलेला होता. स्वस्त, पण संशय येण्याइतका स्वस्त नाही. सोबत कहाणी: मित्राचं दुकान बंद झालं, माल उरलाय, प्रत्येक नग मी स्वतः बेचाळीस अंशाच्या पाण्यात ट्यून केलाय. फोटोत स्वयंपाकघराच्या निळ्या टाइल्सच्या ओट्यावर ओळीने मांडलेली ल्युअर आणि प्रत्येकाच्या पोटावर शिशाची एक चिमुकली टिकली. एका व्हिडिओत काचेच्या भांड्यात ल्युअर असं निश्चल लटकलेलं, की बघत राहावं.

टिकली लावण्यात स्वतःहून काही खोट नाही. चांगले गरवणारेही ल्युअर वर येत असेल तर शिशाची चिकटपट्टी लावतात किंवा एक नंबर मोठा हुक घालतात. त्या टिकलीनेच माझा विश्वास बसला. एवढी मेहनत घेणारा माणूस लबाड कसा असेल?

वर तो म्हणाला, “दोस्ता, लगेच डझन नको घेऊस. आधी एक घे, वापरून बघ.” मी एक मागवलं. चार दिवसांत आलं आणि पहिल्याच शनिवारी त्यावर तीन पौंडांचा स्पॉटेड बास लागला. मी त्याच दुपारी होडीतूनच बाराची ऑर्डर दिली. शिपिंग धरून दोनशे डॉलर. पैसे ॲपवरून पाठवताना त्याने सांगितलं, ‘मित्र किंवा नातेवाईक’ हा पर्याय निवड, म्हणजे माझं कमिशन वाचेल. मी निवडला. त्या पर्यायाने पाठवलेल्या पैशांना खरेदीचं संरक्षण नसतं हे तिथे लिहिलेलं असतं. मीही वाचलं असणार.

ते पहिलं ल्युअर अस्सल होतं. पुढच्याच फेरीत ते एका बुडालेल्या सीडरच्या झाडात अडकलं आणि तिथेच राहिलं. त्यामुळे नवी बारा आली तेव्हा शेजारी ठेवून बघायला माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं. हा माझ्या नशिबाचा भाग, त्यात त्याचा दोष नाही.

मग सुरू झाले ते शनिवार. पहिले दोन गेले कोरडे. मी त्याला मेसेज केला तर लगेच उत्तर: “पॉज किती देतोस? दहा? वीस दे.” वीस दिले. पुढच्या वेळी म्हणाला, लाइन जाड आहे, आठ पौंडी फ्लुरोकार्बनची बारीक लाइन लाव. लावली. मग म्हणाला, कड्याच्या टोकाशी जा, उन्हाची बाजू धर, दुपारनंतर जा. यातला एकही सल्ला चुकीचा नव्हता, हे आज चिडून का होईना मान्य करावं लागतं. कुठल्याही जाणत्याने हेच सांगितलं असतं. सल्ले खरे होते म्हणूनच मी माल तपासला नाही. आणि त्याने ‘तीस दिवसांत परत घेतो’ असं जे लिहिलं होतं, ते तीस दिवस या शिकवणीतच सरले.

पाचव्या शनिवारी मात्र एक लागला. फिशफाइंडरवर पाणी त्रेचाळीस अंश. वीस मोजत होतो, सतरावर लाइन नुसती जड झाली. थंडीतला बास हिसका मारत नाही, ओलं फडकं अडकल्यासारखं वाटतं. रॉड वाकला, मासा होडीजवळ आला, चांगला चार पौंडांचा लार्जमाउथ, आणि एकदम सगळं सैल. ल्युअर वर काढलं तर मागच्या ट्रेबल हुकच्या तीन टोकांपैकी एक केसात लावायच्या पिनेसारखं सरळ झालेलं. मी ते बोटांनी परत वाकवून पाहिलं. वाकलं! मासे धरायच्या हुकची तार बोटांनी वाकते म्हटल्यावर पहिल्यांदा पोटात गोळा आला.

होडी बाहेर काढताना प्रेरी क्रीकच्या रॅम्पवर एक म्हातारबाबा भेटले. नेहमी दिसतात, सत्तरीचे, दातात टूथपिक. मी हुक दाखवला. त्यांनी माझ्या डब्यातलं एक ल्युअर उचललं, कानाशी नेऊन हलवलं आणि स्वतःच्या डब्यातलं तसंच एक माझ्या कानाशी हलवलं. खऱ्या ल्युअरमध्ये आतली वजनं फेकताना शेपटीकडे सरकतात आणि पाण्यात परत जागेवर येतात. आवाज जाड, ठाशीव येतो. माझं वाजत होतं जत्रेतल्या खुळखुळ्यासारखं. “घरी बादलीत टाकून बघ,” म्हणाले, “आणि पाणी गार घे.”

गार पाण्याला कारण आहे. पाणी चार अंश सेल्सिअसला सगळ्यात घट्ट असतं. चौदा ग्रॅमच्या ल्युअरला पंचवीस अंशांच्या नळाच्या पाण्यात आणि चार अंशांच्या पाण्यात मिळणाऱ्या आधारात चाळीसेक मिलिग्रॅमचा फरक पडतो. लटकणाऱ्या ल्युअरला तेवढाही पुरतो. नळाच्या पाण्यात हळूहळू बुडणारं ल्युअर तळ्यात बरोबर लटकू शकतं आणि नळाच्या पाण्यात लटकणारं तळ्यात वर येतं.

रात्री गॅरेजमध्ये बादली भरली, फ्रीजमधला सगळा बर्फ ओतला, स्वयंपाकघरातला थर्मामीटर लावला. बायको दारात येऊन म्हणाली, “अरे, तो पाकासाठी आणलाय.” बेचाळीस अंश फॅरनहाइट झाल्यावर एकेक ल्युअर लाइनच्या तुकड्यासकट, हुकांसकट, पाण्याखाली धरून सोडलं. पहिलं टुणकन वर. दुसरंही. तिसरं शेपटी खाली करून तळाला, पाणबुडीसारखं. बारांपैकी सात वर आली, पाच बुडाली. एकही लटकलं नाही. पोटावरच्या टिकल्या सगळ्यांना अगदी एकाच जागी, एकाच मापाच्या. खरंच ट्यून केलेल्या बारा नगांवर तशा असूच शकत नाहीत, प्रत्येकाला कमी-जास्त लागतं. हे फोटोतच दिसत होतं. मी बघितलं नव्हतं.

एक करवतीने उभं कापलं. आत दोन लोखंडी गोळ्या मोकळ्या फिरत होत्या, बस्स. सांध्यावर गोंद ओघळलेला, आत पाणी शिरून गोळ्यांना गंज चढलेला. मुळात खोटाच मासा, त्याची ही आणखी खोटी प्रत.

पैशांचं म्हणाल तर ते गेले. त्याला बादलीचा व्हिडिओ पाठवला, तर म्हणाला तुझा थर्मामीटर चुकीचा आहे. कापलेल्या ल्युअरचा फोटो पाठवल्यावर त्याने मला ब्लॉक केलं. ॲपवाल्यांनी सांगितलं, हा व्यवहार तुम्ही मित्राला दिलेल्या पैशांचा आहे. क्रेडिट कार्डाने रीतसर खरेदी म्हणून दिले असते तर बँकेकडे तक्रार करता आली असती. फेडरल ट्रेड कमिशनकडे ऑनलाइन तक्रार नोंदवली. ते एकेकाचे पैसे वसूल करून देत नाहीत, पण नोंद राहते. खरेदी-विक्रीच्या पानाने त्याचं खातं बंद केलं.

त्याने मला मध्ये आणखी एक गोष्ट विकायचा प्रयत्न केला होता, ती इथे मुद्दाम सांगतो, कारण आमच्या या ओझार्क डोंगराळ भागात हा धंदा जोरात आहे. मार्चच्या सुमाराला पाणी जरा उबेला लागलं की इथली जुनी मंडळी लालसर खेकड्याच्या रंगाचं ‘विगल वॉर्ट’ नावाचं ल्युअर वापरतात. स्टॉर्म ही ते बनवणारी मूळ कंपनी १९९९ मध्ये रापाला या दुसऱ्या कंपनीने घेतली, आणि त्याआधीच्या जुन्या विगल वॉर्टची चाल वेगळी होती असं मानणारे लोक त्याला दुप्पट-चौपट पैसे मोजतात. साहजिकच नवी ल्युअर घासून, डब्यात खडखडवून जुनी म्हणून विकली जातात. मला अशी दोन मिळून ऐंशी डॉलरला देत होता. त्या आठवड्यात गाडीचे टायर बदलावे लागले म्हणून वाचलो, शहाणपणाने नव्हे.

उरलेला फेब्रुवारी मी महागड्या ल्युअरशिवायच काढला. तळाला घासत नेलेला साधा जिग, छोटा नेड रिग आणि खोल पाण्यात खालीवर करायचा धातूचा ब्लेड बेट. यांत लटकण्याचा प्रश्नच नाही, सगळं तळाशी, आणि हे बहुधा पाच-सात डॉलरच्या आत मिळतं. दोन शनिवारांत पाच बास. नंतर एक व्हिजन ११० गावातल्या दुकानातून पूर्ण किमतीला घेतलं. काउंटरवरच्या पोराला विचारून त्याच्या मिनो या आमिषाच्या छोट्या माशांच्या गार टाकीत सोडून पाहिलं. तो हसला, पण नाही म्हणाला नाही.

या नोव्हेंबरात नाशिककराने एक स्क्रीनशॉट पाठवला, “हे बरं वाटतंय, घेऊ का?” नाव नवीन, गाव नवीन, मित्राचं बंद पडलेलं दुकान तेच. ओटा तोच, निळ्या टाइल्सचा. किंमत आता अठरा.