सीवूड्सची खाडीकाठची सायकलसफर आणि भरतीचा हिशेब

नवी मुंबईतल्या सीवूड्स स्थानकाजवळून दर रविवारी सकाळी साडेसहाला निघणाऱ्या, मार्गदर्शक सोबत असलेल्या निसर्गसफरीत मी फेब्रुवारीत लागोपाठ दोन रविवार सायकल चालवली. सातशे रुपये दोनदा मोजले, कारण पहिल्या खेपेला रोहित (फ्लेमिंगो) पक्षी दिसले ते फार लांब, चिखलावर गुलाबी रेघ ओढावी तसे. आणि असे का झाले हे मार्गदर्शकाने काहीही न लपवता सांगितल्यामुळे पुन्हा जावेसे वाटले.

रोहितांचा दिनक्रम भरती-ओहोटीवर चालतो. ओहोटीत ठाणे खाडीचा चिखल उघडा पडला की ते तिथे शेवाळ टिपायला जातात आणि भरतीने तो बुडाला की डीपीएस शाळेजवळच्या डीपीएस तळ्यासारख्या उथळ पाण्यात विसाव्याला येतात. मूळचा करावे गावचा असलेल्या आमच्या तरुण मार्गदर्शकाने कोळ्यांचा हिशेब सांगितला : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने तासांत मिळते. पहिल्या रविवारी पंचमी होती, म्हणजे भरती पहाटे पावणेचारलाच होऊन गेली होती, आणि आम्ही तळ्यावर पोहोचलो तोवर पक्षी खाडीत पांगले होते. पुढच्या रविवारी द्वादशी, म्हणजे भरती नऊची. आठनंतर थव्यामागून थवे डोक्यावरून येऊन तळ्यात उतरू लागले, तेव्हा आकाराने लहान, गडद चोचीचा छोटा रोहित आणि उंच, फिकट अंगाचा, गुलाबी चोचीला काळे टोक असलेला मोठा रोहित यांतला फरक नुसत्या डोळ्यांनीही कळला. नुसत्या डोळ्यांनी म्हणतो, कारण बारा जणांत दुर्बिणी दोनच होत्या.

मार्गदर्शकाचे खरे कसब तिवरांपाशी दिसले. चिखलातून वर आलेली श्वासमुळे दाखवून झाल्यावर त्याने तिवराचे पान जिभेला लावायला सांगितले. झाड शोषलेले मीठ पानांवाटे बाहेर टाकते, हे त्यानंतर निराळे समजावावे लागले नाही. निवटी मासळी चिखलावर उड्या मारताना पाहून एका आजींनी तिच्या कालवणाची आठवण काढली, आणि तो विषय बराच लांबला.

ठाणे खाडीचे रोहित अभयारण्य २०१५ साली जाहीर झाले आणि २०२२ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा रामसर दर्जा मिळाला. मात्र डीपीएस तळे त्या हद्दीबाहेर आहे. भरतीच्या पाण्याची वाट अडल्यामुळे २०२४ साली हे तळे कोरडे पडले होते, हेही आम्हाला काठावरच ऐकायला मिळाले, आणि अशी माहिती सफरीत टाळली जात नाही याचे मला विशेष वाटले.

सायकलींबाबत मात्र आयोजकांनी हयगय केली आहे. माझ्या सायकलची साखळी दोनदा उतरली, आणि पाम बीच मार्गावरच्या भरधाव वाहनांशेजारून जाताना गटाच्या शेवटी कोणीही माहीतगार माणूस नव्हता. सफरीची वेळ तिथीनुसार ठरवावी, असे मी सुचवले, तर ‘काका, लोक तिथी विचारत नाहीत, रविवार विचारतात’ असे उत्तर मिळाले. तेव्हा नाव नोंदवण्याआधी कालनिर्णय उघडून दशमी ते द्वादशीचा रविवार निवडावा; चतुर्थी-पंचमीला केवळ तिवरे पाहण्यासाठी सातशे रुपये मला जास्त वाटतात.