चौदा फुटी ॲल्युमिनियम बोट: 36 इंची तळ घ्यावा की 48 इंची?

दोन्ही चौदा फुटी, दोन्ही सपाट तळाच्या. एक रिव्हेटची, पातळ पत्र्याची, तळ 36 इंच रुंद. दुसरी वेल्डिंगची, जाड पत्र्याची, तळ 48 इंच. सांगली जिल्ह्यात कृष्णेवर भिलवडी-औदुंबरच्या बाजूला जाळी टाकायला, पलीकडच्या रानात जायला आणि मळीत, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या रानात, पाणी चढलं तर हाताशी असावी म्हणून यातली कोणती घ्यावी? माझं मत 48 इंचीला आहे, पण एक अट आहे. ती पुढे येईलच.

बारा इंचांचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. पाण्यात तसं नसतं. बोटीचा कलायला होणारा विरोध रुंदीच्या घनाच्या हिशेबाने वाढतो. 48 भागिले 36 म्हणजे 1.33, आणि त्याचा घन 2.37. म्हणजे रुंदी एक तृतीयांशाने वाढली, पण स्थिरता दुपटीहून जास्त. जाळं ओढताना दोघं एकाच काठावर वाकले की अरुंद बोटीत पोटात गोळा येतो, तो या आकड्यामुळे. बोट किती बसते तेही बघा. तळाचा बारा फूट भाग पाण्याला टेकतो असं धरलं, तर दर 100 किलोंना अरुंद बोट साधारण 3 सेंटिमीटर खाली जाते, रुंद बोट सव्वादोन.

माणसं किती? ढोबळ नियम असा: लांबी गुणिले वरची रुंदी, दोन्ही फुटांत, भागिले 15. वरची रुंदी चार फूट असेल तर तीन माणसं, पाच फूट असेल तर चार. तेही शांत पाण्यात. 2019 च्या पुरात ब्रह्मनाळला जादा माणसं भरलेली बोट उलटली, ते या भागात कुणाला सांगायला नको.

आता ती अट. अरुंद बोट रिकामी शंभर किलोच्या आत-बाहेर असते, त्यामुळे दोघं गडी तिला मळीच्या चिखलातून वर ओढू शकतात. रुंद बोट सव्वाशेच्या पुढे जाते, वर इंजिन वेगळं. बोट रोज वर काढून घरी न्यायची असेल आणि ट्रॉली नदीपर्यंत जात नसेल, तर रुंदीचा मोह सोडा. वापरायचा कंटाळा आला की बोट गोठ्यामागेच पडते.

रिव्हेट वर्षानुवर्षं आपटून सैल होतात आणि पाणी झिरपू लागतं, पण ते गावातही ठोकून घट्ट करता येतात. वेल्डिंगला गळती कमी, मात्र तडा गेला तर आर्गॉन वेल्डिंगवाला लागतो. तो कुपवाड एमआयडीसीकडे मिळेल, पेठेतल्या ग्रिलवाल्याकडून ते काम होत नाही. जुनी बोट घेताना तिला लाकडी ओंडक्यांवर ठेवा, आत वीतभर पाणी भरा आणि खाली वाकून बघा. जिथे थेंब धरेल तिथे खडूने खूण करा आणि मगच भाव बोला. सीटखालचा फोमही दाबून पाहा. पाणी प्यालेला फोम बोट जड करतो आणि वेळेला तरंगायला मदत करत नाही.

द्राक्षबागायतदारांनी एक ध्यानात ठेवावं. मोरचूद किंवा बोर्डो मिश्रणाचे कॅन यातल्या कुठल्याच बोटीतून नेऊ नयेत. त्यांतले तांब्याचे क्षार ॲल्युमिनियम खातात. बारीक खड्डे पडतात आणि पुढे तिथूनच पाणी येतं.

इंजिन आधीच घेऊन बसला असाल तर ते जिथे अडकवायचं त्या मागच्या पाटीची उंची मोजा. 15 इंचांच्या पाटीला शॉर्ट शाफ्ट, म्हणजे पंख्यापर्यंत जाणारा आखूड दांडा लागतो, 20 ला लाँग. चुकीची जोडी जमली तर पंखा एकतर हवा खातो किंवा गाळ ढवळतो.

पुराचं म्हणाल तर दोन्ही बोटी शेतात पसरलेल्या संथ पाण्यासाठी आहेत. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीला गेलं की मुख्य धारेत यातली एकही घालू नये. सपाट तळाची बोट धारेला आडवी झाली की धारेकडची कड दाबली जाते आणि पाणी आत शिरतं. तिथे 12 इंच जादा रुंदीही वाचवत नाही.