चौदा एमएमचा नायलॉन दोर: चार वर्षं वापरून

हा दोर मी सप्टेंबर २०२१मध्ये पैठणला घेतला. पांढरा, तीन पदरी, पिळाचा. बिंडलावर कंपनीचं नाव नव्हतं, आणि दुकानाचं मी लिहीत नाही, का ते पुढं कळेलच.

आमची अठरा फुटी फायबरची नाव नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर असते. आधी तिला प्लास्टिकचा हिरवा दोर होता. स्वस्त, हलका, तरंगतो, म्हणून सगळेच घेतात. पण दोन उन्हाळे खाल्ले की त्याचा भुसा हाताला लागतो. त्यानंच मे महिन्याच्या वावधानात दगा दिला. नाव रात्रभर धरणाच्या दगडी पिचिंगवर, म्हणजे उतारावर रचलेल्या दगडांवर आपटत राहिली. फायबरचं काम निघालं आणि आठवडाभर धंदा बंद.

म्हणून या खेपेला दुकानात बादलीभर पाणी मागितलं. "नायलॉनच आहे हो, कामून शंका घेता?" दुकानदार म्हणाला. तुकडा टाकला, तरंगला. मग आतून दुसरं बिंडल आलं, त्याचा तुकडा तळाला गेला. नायलॉन बुडतं, हिरवं प्लास्टिक तरंगतं, एवढीच परीक्षा. किलोला ३२० प्रमाणे सहा किलोचे १९२० रुपये दिले. पन्नास मीटर भरेल म्हणाला, घरी मापला तर सेहेचाळीस.

त्याच महिन्यात गुलाब वादळ आलं. २६ सप्टेंबरला ते आंध्रात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्याला लागलं, आणि जोर ओसरत तेलंगणातून आमच्याकडं सरकलं. (तेच पुढं अरबी समुद्रात उतरून शाहीन झालं आणि ३ ऑक्टोबरला ओमानवर गेलं.) आमच्यापर्यंत येईतो वारा किनाऱ्यासारखा राहिला नव्हता, पाऊस मात्र भयंकर. मांजरा काठानं लोकांची शेतं वाहून गेली. नाथसागराचं पाणी तर मैलोन्‌मैल उघडं, साधा वारा सुटला तरी लाटा उठतात.

थर्माकोलच्या चप्पूवाल्यांनी चप्पू (छोटे हलके तराफे) डोक्यावर घेतले आणि घर गाठलं. आम्हाला ती सोय नाही. इंजिन उतरवलं, जाळी, ताडपत्री, वल्ही, वारा धरील ते सगळं काढलं. नाव पिचिंगपासून लांब, ओढ्याच्या तोंडाशी नेली. तिथं दोन पुरुष पाणी होतं. नांगराला पंचवीस मीटर दोर सोडला, मागून दोन बाभळींना दहा-दहा मीटर. मी आवळून बांधायला निघालो तर आबा ओरडले, "ढिल दे! पाणी चढलं की नाव नाक खुपसून बुडंल." बाभळीशी घासतो तिथं ट्रकची जुनी ट्यूब चिरून दोरावर गुंडाळली.

दोन रात्री मी टेकाडावरून बॅटरी मारून बघत होतो. लाट आली की दोर रबरासारखा लांबायचा आणि नावेला हळूच मागं आणायचा. जुना दोर अशा वेळी खाडकन हिसका द्यायचा, आणि नावेची कडी त्या हिसक्यानंच उपटते. तिसऱ्या दिवशी बघितलं तर पाणी हातभर चढलेलं, नाव जागच्या जागी. ट्यूब आरपार घासली होती, आतल्या दोराला फक्त लव आली होती.

आता तक्रारी. भिजल्यावर गाठ अशी आवळते की सुटता सुटत नाही, आम्ही सळईनं उचकटतो. टोक मेणबत्तीवर वितळवून घेतलं नाही तर पदर उलगडत जातात. शिवाय तो लांबतो म्हणून नाव जास्त झुलते. त्या रात्री आमची शेजाऱ्याच्या नावेला दोनदा घासली, आणि तो अजून बोलून दाखवतो. बुडतो, त्यामुळं तळाच्या फाटक्या जाळ्यांत अडकतो तो वेगळाच.

पाचात चार. एक मापाचा कापला.

यंदा टोकाचा दोन मीटर झिजलेला भाग कापून टाकला, बाकी चालू आहे. ट्यूब दरवर्षी बदलावी लागते, पंक्चरवाला फुकट देतो.