नॅक, एनआयआरएफ की एनबीए: कॉलेज निवडताना कोणाचं ऐकायचं?

कॉलेजच्या जाहिरातीत तिन्ही नावं एकाच ओळीत छापतात. तिघं मोजतात मात्र वेगवेगळं.

नॅक (राष्ट्रीय मूल्यांकन आणि प्रत्यायन परिषद) अख्ख्या संस्थेला श्रेणी देते. ४ पैकी ३.५१ किंवा जास्त गुण मिळाले तर ए++, ३.२६ ते ३.५० ला ए+. कॉलेज स्वतःचा अहवाल पाठवतं, मग टीम पाहणीला येते. (त्या आठवड्यात भिंतींना रंग का लागतो, ते शिपायांना विचारा.) श्रेणी साधारण ५ वर्षं टिकते, त्यामुळे ती कमावणारे प्राध्यापक आज तिथे असतीलच असं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर सीबीआयने नॅकच्या एका तपासणी समितीच्या सदस्यांनाच लाचप्रकरणी अटक केली. श्रेणी खराब असेल तर सावध व्हा; चांगली असेल तर लगेच हुरळून जाऊ नका.

एनबीए (राष्ट्रीय प्रत्यायन मंडळ) मान्यता देते ती अभ्यासक्रमाला. एकाच कॉलेजात मेकॅनिकलला ती असेल, आयटीला नसेल. इंजिनीअरिंगला जायचं तर मी हीच आधी पाहीन, तीही आपल्या शाखेची आणि मुदत न संपलेली. पुढे परदेशी जायचा विचार असेल तर मान्यता 'टियर १' (विद्यापीठं आणि स्वायत्त कॉलेजांसाठीची) आहे का, तेही बघा. भारत २०१४ पासून वॉशिंग्टन कराराचा (सदस्य देशांनी एकमेकांच्या इंजिनीअरिंग पदव्या मानण्याचा करार) पूर्ण सदस्य असला तरी त्याचा लाभ टियर १ लाच मिळतो.

एनआयआरएफ ही केंद्र सरकारची कॉलेज-विद्यापीठांची क्रमवारी, २०१६ पासून निघते. इंजिनीअरिंगमध्ये तिचे ३० टक्के गुण संशोधनाला जातात, ज्याचा पहिल्या वर्षाच्या मुलाशी फारसा संबंध नसतो. पण क्रमांकापेक्षा कामाची आहे ती कॉलेजने तिथे भरलेली माहिती, जी त्यांना स्वतःच्या वेबसाइटवरही ठेवावी लागते. त्यात प्रवेश किती, वेळेत पास किती, नोकरी किती जणांना, उच्च शिक्षणाला किती आणि पगाराचा मध्यांक (निम्म्यांना त्याहून जास्त, निम्म्यांना कमी, असा मधला आकडा), हे सगळं सापडतं. समजा, १२० जणांनी प्रवेश घेतला, ७० वेळेत पास झाले आणि ३५ जणांना नोकरी लागली. मग मध्यांक कितीही भारी दिसो, तो त्या ३५ जणांचाच. आकडे कॉलेजनेच भरलेले असतात, तेव्हा सलग तीन वर्षांचे शेजारी ठेवून वाचा.

बीए, बीकॉम, बीएस्सीला एनबीए नसतेच. तिथे नॅकच्या गुणपत्रकातला दुसरा निकष, म्हणजे अध्यापन आणि मूल्यमापन, उघडून बघा. संलग्न कॉलेजांसाठी १००० पैकी ३५० गुण त्याचेच असतात. एकूण श्रेणी ए आणि इथे मात्र घसरण, असं दिसलं तर तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा आणि गेल्या सत्रात तास किती झाले ते विचारा.