कासवाचा लाइट म्हणून गळ्यात मारलेली फिल्टरची ट्यूब

घरात पाण्यातलं कासव असेल तर आज एवढं एक काम करा. टाकीवरचा ‘यूव्ही’ लाइट बंद करा, पिन काढा, थंड होऊ द्या आणि त्याची काच निरखून बघा. दुधाळ पांढरी असेल तर बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल. पण काच आरपार दिसत असेल, टोकाची बारीक तार दिसत असेल, तर तो लाइट पुन्हा लावू नका. आमच्या कासवाचा, चिंगीचा, डावा डोळा तसल्याच ट्यूबने गेला आणि माझ्या दहा वर्षांच्या मुलीने दोन रात्री रडून काढल्या.

आम्ही रत्नागिरीचे. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये वेळासला ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला गेलो होतो. तेव्हापासून मुलीने कासवाचा ध्यास घेतला. समुद्री कासव सोडाच, आपल्या ओढ्या-तळ्यातलं कासव किंवा स्टार कासव घरात ठेवणंही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे मला ठाऊक होतं. दुकानदाराने रेड इअर्ड स्लायडर दाखवलं. डोळ्यामागे लाल पट्टा, मूळचं अमेरिकेतलं. “वहिनी, हे चालतं, आणि एवढंच राहतं.” ते एवढंच राहत नाही. ताटलीएवढं होतं आणि वीस-तीस वर्षं जगतं. दुकानदाराचं पहिलं खोटं तिथेच होतं, पण ते कळायला मला वर्ष लागलं.

ऊन होतं तोवर सगळं छान चाललं. सकाळी चिंगीचं घमेलं पडवीत ठेवायचं, अर्ध्यावर सावली धरायची, ती दगडावर चढून मागचे पाय ताणून पडायची. कासवाला उन्हातले यूव्हीबी किरण लागतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील किरणांचा एक प्रकार. त्यांच्यामुळे अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं आणि खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागतं, नाहीतर कवच मऊ पडतं. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन कामाचं नाही, कारण काच हे किरण अडवते. आता आपल्याकडचा पावसाळा बघा. गेल्या जूनमध्ये सलग बारा-तेरा दिवस ऊन म्हणून दिसलं नाही. कवचाची कड बोटाने दाबली तर किंचित दबायला लागली, तशी मी घाबरून त्याच दुकानात गेले.

“यूव्हीबी ट्यूब लावा, कवच दगडासारखं होईल. इम्पोर्टेड आहे.” अठराशे पन्नास रुपये. वर, पावसात पाणी गार पडतं म्हणून साडेसहाशेचा काचेचा हीटर. बिल मागितलं तर म्हणाला, “पक्कं बिल केलं तर जीएसटी लागेल, कशाला उगाच?” मीही नको म्हटलं. तिथे चुकले. पैसे फोनवरून दिले, तेवढाच पुरावा राहिला.

ट्यूब लावल्यावर फिकट निळा उजेड पडला. रोज आठ तास लावायला सांगितलं होतं. मुलगी अभ्यासाला टाकीशेजारीच बसायची, चिंगी ऊन खाते ते बघत. दुसऱ्या दिवशी रात्री दोनला ती किंचाळत उठली. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचतंय, उघडताच येत नाहीत. माझेही डोळे चुरचुरत होते. पावसात डोळे येतातच, तसंच असेल असं सगळ्यांना वाटलं. डॉक्टरांनी थेंब दिले, दोन दिवस ती आतल्या खोलीत झोपून होती, बरी झाली, शाळेत गेली, संध्याकाळी पुन्हा टाकीशेजारी बसली. त्या रात्री पुन्हा तेच.

इकडे चिंगीचे डोळे सुजून बंद झाले होते. ती खाईना. ही कासवं खाणं डोळ्यांनी बघून पकडतात, दिसलं नाही की उपाशी राहतात. मी दुकानदाराला फोन केला. त्याने जे सांगितलं त्याचा राग अजून माझ्या मनातून जात नाही. “अ जीवनसत्त्व कमी पडलंय, थेंब घेऊन जा. आणि लाइट दोन तास वाढवा.” अ जीवनसत्त्व कमी पडलं की कासवाचे डोळे सुजतात हे खरं आहे, म्हणून तर मी फसले. आणखी साडेतीनशे रुपये देऊन थेंब आणले आणि त्याच ट्यूबखाली तिला दहा तास ठेवायला लागले. मी स्वतः, माझ्या हाताने.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, “ही वेल्डिंग बघत होती का कुठे? मिरकरवाड्यावरनं बोटींचं वेल्डिंग करणारे असे डोळे घेऊन येतात माझ्याकडे.” वेल्डिंग कुठलं? पण रिक्षात बसल्यावर तो निळा उजेड आठवला. घरी येऊन आधी स्विच बंद केला. टाकीशेजारच्या मनीप्लांटची त्या बाजूची पानं तांबूस करपली होती. इतके दिवस ती मला दिसली नव्हती.

आमच्याकडे पाण्याच्या फिल्टरची सर्व्हिसिंग करणारा मुलगा येतो. त्याला बोलावून ट्यूब हातात दिली. त्याने एकदा फिरवून बघितली आणि म्हणाला, “वहिनी, ही तर आपल्या फिल्टरमधलीच आहे. स्टीलच्या नळकांड्यात बंद असते ती. ही उघडी लावतं का कोण?” खोक्यावरचा ‘टर्टल यूव्हीबी’ असा स्टिकर त्याने नखाने सोलला. खाली छापलेलं होतं : यूव्हीसी, ११ वॅट, २५४ नॅनोमीटर. जंतू मारायचे किरण. डोळ्यांचा वरचा पडदा आणि कातडी भाजणारे. यूव्हीसी किरण जमिनीवरच्या उन्हात नसतातच, वातावरण ते वरच अडवतं. कवच घट्ट करायला लागतात ते यूव्हीबी, साधारण २८० ते ३१५ नॅनोमीटरचे. फिल्टरवाल्याकडे ती ट्यूब तीनशेच्या आत मिळते. कासवासाठी बनवलेल्या फ्लोरोसंट ट्यूबला आतून पांढरा लेप असतो, जंतुनाशक ट्यूबला तो नसतो, काच साफ असते. ओळख एवढी सोपी आहे, पण ती आम्हाला कोणी सांगितली नव्हती.

हीटरचंही सांगायलाच हवं. पाण्यात हात घातला की बोटांना मुंग्या यायच्या, मला वाटलं भास. इलेक्ट्रिशियनने प्लग दाखवला : दोनच पिना, अर्थिंग नाहीच. काचेला जाळीचं आवरण नाही, आणि कासव टाकीतल्या वस्तूंना धडका देतच असतं. काच तडकली की करंट पाण्यात. शिवाय टाकीतलं पाणी मोजलं तर पावसातही सव्वीस अंशांच्या खाली नव्हतं, म्हणजे आमच्या घरात हीटरची गरजच नव्हती. इलेक्ट्रिशियनने आता त्या बोर्डाला तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला आहे, म्हणजे करंट गळायला लागला की वीज आपोआप तोडणारा स्विच. वायर सॉकेटच्या खाली लोंबती सोडून मग वर नेली आहे, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी खालीच ठिबकतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. टाकीत नुसती फिल्टरची मोटर असली तरी हे करून घ्या. आणि टाकीत हात घालण्याआधी सगळ्या पिना काढा, प्रत्येक वेळी.

कासव बघणारा पशुवैद्य आम्हाला कोल्हापूरला मिळाला. भर पावसात आंबा घाटातून, ओल्या टॉवेलवर, झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात तिला नेलं. मुलगी सगळा वेळ डबा मांडीवर धरून होती. डोळ्याच्या बुबुळावर जखमा होत्या. तीन आठवडे मलम. उजवा डोळा उघडला. डावा पांढरा झाला तो झालाच. ओळखीच्या एकाने सुचवलं, नेऊन तळ्यात सोडा एकदाची. तेही करू नका. हे परदेशी कासव आपल्या तळ्यात टिकलं तर इथल्या कासवांचं खाणं आणि जागा बळकावतं. चिंगी आमच्याकडेच आहे. तिला खाणं उजव्या बाजूने द्यावं लागतं, ते मुलीनेच शोधून काढलं.

दुकानदार आधी म्हणाला, “तुम्हीच जास्त वेळ लावली असेल.” मग म्हणाला वापरलेला माल परत होत नाही. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. फोनवरून दिलेल्या पैशांची नोंद, सोललेला स्टिकर, डॉक्टरांचा कागद, सगळ्याचे फोटो जोडले. महिन्याभराने त्याने ट्यूबचे पैसे परत दिले. तुमच्याकडेही अशी ट्यूब निघाली तर रागाने फोडू नका, आत पारा असतो. खोकं तर मुळीच फेकू नका.

पैसे घ्यायला गेले तेव्हा मागच्या फळीवर तशीच चार खोकी होती, तोच स्टिकर. त्यातलं एक उचलून एक बाई मुलाला विचारत होत्या, हाच ना रे? मी त्यांच्या हातातून खोकं घेतलं आणि दुकानदाराच्या देखत स्टिकर सोलून दाखवला. त्यांनी वाचलं, खोकं काउंटरवर ठेवलं आणि मुलाचा हात धरून बाहेर पडल्या. बाकीची तीन खोकी फळीवरच होती.