आर्वीकडच्या मार्गावरचं खाणं : तर्री पोहे, मुंगवडे आणि एक नवं कॅफे

मी एसटीत वाहक आहे. ड्युटी बहुतेक वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांच्या फेऱ्यांवर, म्हणजे आर्वी, पुलगाव, कारंजा, आष्टी या पट्ट्यात. सकाळची पहिली गाडी काढायची तर घरून पोटात फक्त चहा गेलेला असतो, त्यामुळे नाश्ता रस्त्यावरच. या भागात तीस-चाळीस रुपयांत पोटभर आणि चवीचं खायला मिळतं, फक्त ते कुठे बघायचं हे माहीत पाहिजे. ठेल्यांना पाट्या नसतात, म्हणून नावं न देता खुणा देते.

आधी पोहे. आर्वी तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावी, थांब्याच्या बाजूला कडुनिंबाखाली एक जोडपं ठेला लावतं. भाऊ पोहे परततात, काकू तर्री, म्हणजे हरभऱ्याचा तिखट रस्सा, सांभाळतात. पोहे मोकळे, मऊ, हळद बेताची. वायगावची हळद आमच्याच जिल्ह्यातली, भौगोलिक मानांकन मिळालेली, आणि काकू तीच वापरतात. पण आमच्याकडे पोह्यांची खरी परीक्षा तर्रीवर होते. इथली तर्री मला या सगळ्या मार्गावर सगळ्यात पटलेली आहे. काळे हरभरे रात्रभर भिजवून असे शिजवलेले की बोटात दाबला तर दाणा मऊ होतो, पण साल सुटून रश्शात तरंगत नाही. मसाल्यात भाजलेलं खोबरं, खसखस आणि दगडफूल कळतं. काकू पळी आधी गंजाच्या (पातेल्याच्या) तळाशी नेतात, हरभरे उचलतात, आणि वर येताना तवंग जेमतेम घेतात. तवंग जास्त पाहिजे तर तसं सांगायचं. वरून कच्चा कांदा, शेव, बारीक चिरलेला सांभार (आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात) आणि लिंबाची फोड. प्लेट पंचवीस रुपये. तर्री संपली की न मागता पुन्हा वाढतात, त्याचे पैसे नाहीत. एकदा गाडी सुटायच्या घाईत मी थोडी तर्री टाकून उठले, तर काकूंनी लगेच विचारलं, "काहून व ताई, आज तर्री जमली नाई का?" रोज शंभर लोक खाऊन जातात, तरी एका प्लेटकडे लक्ष असतं.

लाल दिसली म्हणजे तर्री चांगली, असं नाही. याच मार्गावर दुसऱ्या एका मोठ्या थांब्यावर मी खाल्लेल्या तर्रीचा रंग साबणानं हात धुतल्यावरही नखांत राहिला. मला तरी तो मिरचीचा रंग वाटला नाही. तिखट म्हणावं तर जिभेवर काहीच नाही आणि तासाभरानं छातीत जळजळ. खाताना घाम आला आणि नंतर पोट शांत राहिलं, तर तिखट मिरचीचं होतं असं समजावं.

मुंगवडे खायचे तर कारंज्याकडे जाताना फाट्यावर एक म्हातारे बाबा बसतात तिथे. सालीची मुगाची डाळ जाडसर वाटलेली, त्यात हिरवी मिरची, आलं आणि अख्खे धने. सोडा नाही. सोडा घातला की वडा फुगतो, पण तेल पितो आणि गार झाला की चामट होतो. बाबांचा वडा फोडला की आत डाळीचा दाणा दिसतो. सोबत मीठ लावलेल्या तळलेल्या मिरच्या आणि पातळ कढी. द्रोण पळसाच्या पानांचा. हे मुद्दाम सांगते, कारण अजूनही कितीतरी ठिकाणी गरम भजे छापील पेपरावर देतात आणि शाई तेलात उतरते. 2018 च्या पॅकेजिंग नियमांत वर्तमानपत्रात खाण्याचं बांधून द्यायला स्पष्ट मनाई केली आहे. आपण पेपर नको म्हटलं की ठेलेवाला दुसरं काहीतरी देतो, भांडण होत नाही. म्हणायला पाहिजे.

तेलाचंही तसंच. कढईत तेल काळं झालं असेल, फेस येत असेल आणि वडा टाकल्यावर धूर निघत असेल तर तिथे थांबू नका. बाबा दुपारी तेल उतरवतात आणि उरलेलं पुन्हा चढवत नाहीत, हे मी समोर बसून बघितलं आहे.

आता बसण्याबद्दल, कारण माझ्यासाठी हे चवीइतकंच मोठं आहे. मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, आणि तेव्हापासून बाजाराच्या दिवशी माझी गाडी बायकांनी भरलेली असते. दवाखान्याचं काम, बियाणं, लेकीचं माहेरपण, सगळ्याला त्या आता एकट्या निघतात. पण ठेल्यावर बसून पोहे खाताना त्या दिसत नाहीत. बाकड्यावर माणसं पाय पसरून बसलेली, खर्र्याच्या (तंबाखू-सुपारीच्या) पिचकाऱ्या बाजूलाच. मग बाई फडक्यातली भाकर गाडीत बसून खाते, नाहीतर उपाशीच घरी जाते. कडुनिंबाखालच्या काकूंनी ठेल्याच्या मागच्या अंगाला एक बाकडं ठेवलं आहे आणि तिथे त्या पुरुषांना बसू देत नाहीत. "भाऊ, तिकडं बसा, हे बायांचं हाय," एवढंच म्हणतात. बाजाराच्या दिवशी ते बाकडं रिकामं नसतं. मला तर्रीइतकीच ही गोष्ट आवडते. प्रत्येक थांब्यावर असं एक बाकडं पाहिजे, त्याला खर्च काहीच नाही.

या बाबतीत ज्यानं खरंच बाजी मारली ते आर्वीतलं एक नवं छोटं कॅफे. जवळच्या गावातल्या दोन पोरांनी काढलंय, कॉलेजच्या रस्त्यावर. सहा टेबलं, पंखे, पिण्याच्या पाण्याचा फिल्टर, आणि आत स्वच्छ संडास, कडी लागणारं दार आणि पाण्याची बादली असलेलं. दहा-दहा तास ड्युटी करणाऱ्या बाईला हे काय असतं ते तिलाच विचारा. कॉलेजच्या पोरी तिथे तासभर अभ्यास करत बसतात, कोणी उठवत नाही.

खाण्याचं म्हणाल तर अर्धं जमलं आहे. भाजलेलं सँडविच छान, चाळीस रुपयांत. आतली चटणी सांभार आणि हिरव्या मिरचीची, ताजी वाटलेली, कांद्याच्या चकत्या पातळ. कोल्ड कॉफी साठ रुपये आणि गोड इतकी की कॉफी शोधावी लागते. साखर कमी सांगितली तर हसून हो म्हणतात, पण कॉफी तेवढीच गोड येते. व्हाईट सॉसचा पास्ता मी दुसऱ्यांदा मागवणार नाही, पिठाची कच्ची चव राहते. मॅगी मात्र गर्दीच्या वेळीही गरम येते. पोरांना माझं मनापासून सांगणं आहे : शहरातल्या यादीतलं सगळं करायच्या मागे लागू नका. तुमच्याकडे भट्टी आहे, मिक्सर आहे, बसायला जागा आहे. सकाळी आलूबोंडा-तर्री ठेवा, हिवाळ्यात सांभारवडी ठेवा. लोक सँडविचही घेतील आणि वडीही.

सांभारवडीचं नाव निघालंच आहे तर तेही सांगते. सांभार स्वस्त होतो त्या दिवसांतच ती मिळते, कडुनिंबाखालच्या ठेल्यावर, आणि तीही फक्त बाजाराच्या दिवशी. बेसनाची पातळ पारी, त्यावर चिंचेच्या पाण्याचा हात, आत भरपूर सांभार, सुकं खोबरं, खसखस, तीळ आणि काळा मसाला, मग पुडीसारखी घडी घालून मंद तेलात तळलेली. घाईनं तळली तर वरून लाल होते आणि आत पारी कच्ची राहते, म्हणून काकू घाणा एकदाच काढतात. एक वडी वीस रुपयांना, कढीसोबत. अकराच्या आत पोचा. त्यानंतर काकूंकडे पोहे असतात, वडी नसते.