दोन पेल्यांचा प्रयोग आणि समुद्री टाकीचे ‘शुद्ध’ पाणी

गेल्या उन्हाळ्यात एका विक्रेत्याने जळगावच्या माझ्या घरी दोन पेल्यांचा प्रयोग करून दाखवला आणि त्याला भुलून मी पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रावर साडेअठरा हजार रुपये घालवले. खान्देशात समुद्री माशांची टाकी ठेवणाऱ्या कोणाचीही अशी गत होऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आमच्याकडे वाघूर धरणाचे पाणी येते आणि ते कमी पडले की बोअर चालू होते. विक्रेत्याने एका पेल्यात नळाचे, दुसऱ्यात आपल्या यंत्राचे पाणी घेऊन दोन्हींत विजेच्या कांड्या सोडल्या. मिनिटाभरात नळाच्या पाण्यावर तपकिरी फेस आला, तळाशी गाळ बसला. दुसरा पेला नितळच राहिला. “भाऊ, हे पाणी तुम्ही माशांना देता?” या प्रश्नाने मी ओशाळलो आणि पैसे मोजले. वास्तविक तो गाळ कांडीतल्या लोखंडाचा असतो. नळाच्या पाण्यातल्या क्षारांमुळे वीज वाहते व लोखंड झिजते, तर क्षार काढलेल्या पाण्यातून ती फारशी वाहतच नाही. पुढे त्याच ‘शुद्ध’ पाण्यात चिमूटभर मीठ घालून मी दोन खिळे बॅटरीला जोडले, तेव्हा तस्साच गाळ निघाला.

यंत्र ‘समुद्री टाकीसाठी खास आरओ-डीआय’ म्हणून दिले होते, म्हणजे आधी बारीक पडद्यातून (आरओ) आणि मग क्षार शोषणाऱ्या रेझिनच्या दाण्यांतून (डीआय) पाणी गाळणारे. दोन महिन्यांत वाळूवर तपकिरी थर पसरला आणि दोन्ही कोळंब्या मेल्या. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे टीडीएस मीटर आणून पाहिले, तर लिटरमागे नळाच्या पाण्यात 410 मिलिग्रॅम आणि यंत्राच्या पाण्यात 86. विक्रेता म्हणाला, “शंभराच्या आत म्हणजे उत्तमच.” पिण्यासाठी ते खरेच उत्तम आहे, भारतीय मानकाची इष्ट मर्यादा 500 आहे. टाकीचे गणित मात्र वेगळे असते, कारण पाणी उडते आणि क्षार मागे राहतात. मे महिन्यात रोज तीन लिटर भर घालावी लागे, म्हणजे दोन महिन्यांत पंधरा ग्रॅम क्षार साचले. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतातच, तेव्हा वजनाने हे नगण्य वाटेल. परंतु नळाच्या क्षारांतले नायट्रेट आणि सिलिकेट शेवाळाला पोसतात आणि तांबे अगदी अल्प असले तरी कोळंबी व प्रवाळांना मारक ठरते. अशा अल्प तांब्याचा पत्ता टीडीएस मीटरला लागत नाही.

शेवटी मी यंत्र उघडले. आत कच्चे पाणी मिसळणारा टीडीएस कंट्रोलर होता आणि ‘डीआय’ लिहिलेल्या नळकांड्यात रेझिनऐवजी खनिजांच्या पांढऱ्या-करड्या गोळ्या होत्या, ज्या उलट पाण्यात क्षार सोडतात. कंट्रोलरचा स्क्रू बंद करताच आकडा 11 वर आला आणि खरे रेझिन भरल्यावर 0 वर.

पैसे परत मागितले, तेव्हा विक्रेत्याने पावती पुढे केली. तीवर ‘घरगुती पेयजल यंत्र’ एवढेच लिहिलेले होते. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे, परंतु तोंडी आश्वासनाला आता माझ्याकडे पुरावा नाही. आपण यंत्र घ्याल तेव्हा नळकांडे समोर उघडायला लावा, स्वतःच्या मीटरने पाणी मोजा आणि ‘आरओ-डीआय, टीडीएस 0’ हे शब्द पावतीवर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.